लहान ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकल ओढत नसेल तर काय तपासावे, आणि कोणत्या क्रमाने

तक्रार बहुधा तीन शब्दांत येते: गाडीत दम नाही. गाडी रस्ता आणि माती दोन्हींसाठी बनवलेली, दोनशे ते अडीचशे सीसीची, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी आणि कारखान्यातून आली तशीच असते. मालकाच्या मनात मात्र उपाय आधीच ठरलेला असतो. कुणाला सायलेन्सर बदलायचा असतो, कुणाला कार्ब्युरेटरमध्ये मोठा जेट (पेट्रोल मोजून सोडणारी पितळी तोटी) टाकायचा असतो, तर कुणाला थेट सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून मोठा करून, घ्यायचा असतो. अशा बऱ्याच गाड्या हाताखालून गेल्यावर माझे मत असे झाले आहे की त्यांतल्या बहुतेकींना नव्या शक्तीची गरज नसते. कारखान्याने दिलेलीच शक्ती वाटेत कुठेतरी गळत असते. ती गळती बंद करण्याआधी केलेला कोणताही बदल मूळ दोष झाकतो आणि पुढचे निदान अवघड करून ठेवतो. माझ्या पहिल्या गाडीचा मेन जेट मी तीन वेळा बदलला होता, आणि दोष शेवटी क्लचच्या केबलमध्ये निघाला.

लक्षणे

दम नाही म्हणजे नेमके काय होते, हे आधी नीट पाहावे, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या दिशेला बोट दाखवते.

- इंजिनाचा आवाज चढतो, पण त्या प्रमाणात वेग वाढत नाही.
- मूठ, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, झटकन उघडली की गाडी भक्क करून क्षणभर दबते आणि मग उचलते.
- मूठ एका मर्यादेपलीकडे कितीही फिरवली तरी काहीच फरक पडत नाही.
- मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, आणि आयडलिंग (मूठ बंद असतानाचे इंजिनाचे फेरे) लगेच खाली न येता वरच तरंगत राहते.
- दहा-पंधरा मिनिटे गाडी व्यवस्थित चालते, मग धापा टाकू लागते. थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा ठीक होते.
- गरम इंजिन लवकर सुरू होत नाही आणि आयडलिंगला बंद पडते.
- काहीही बिघडल्यासारखे वाटत नाही, पण चढावर वरचा गिअर टिकत नाही.

शेवटचे लक्षण सर्वांत फसवे आहे, कारण तो दोष असेलच असे नाही. अशा इंजिनाची शक्ती साधारण १५ ते २० अश्वशक्ती असते. हवेचा विरोध मोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग १० टक्क्यांनी वाढवायचा असेल तर सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती लागते. उंचीचाही हिशेब असतो: समुद्रसपाटीपासून वर जाताना प्रत्येक १००० मीटरला हवा विरळ होत जाते आणि जवळपास दहावा हिस्सा शक्ती कमी होते. ३००० मीटरवर निरोगी गाडीसुद्धा सुस्तच वाटेल, आणि तिथे ती दुरुस्त करायला बसू नये.

तपासणी सुरू करण्यापूर्वी एक मोजमाप करून ठेवावे. ओळखीचा, रहदारी नसलेला एखादा चढ निवडावा, ठरलेल्या गिअरमध्ये आणि ठरलेल्या वेगाने त्याच्या पायथ्याशी यावे, मूठ पूर्ण उघडावी आणि माथ्यावर वेग किती उरला ते लिहून ठेवावे. प्रत्येक दुरुस्तीनंतर हेच करावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नुसत्या अंदाजावर विसंबू नये. आवाज मोठा झाला की गाडी जोरात पळते असेच कानाला वाटते.

हात काळे न करता होणाऱ्या तपासण्या

टायरमधली हवा सर्वांत आधी पाहावी. या गाड्या मातीत आणि दगडांत जातात, तिथे पकड मिळावी म्हणून हवा १५ पीएसआयच्या आसपास उतरवली जाते, आणि परतल्यावर भरायची राहून जाते. मऊ टायर डांबरावर किती शक्ती खातो, हे हवा भरल्यावर पहिल्याच किलोमीटरमध्ये कळते.

त्यानंतर दोन्ही चाके एकेक करून जमिनीवरून उचलून हाताने फिरवावीत. डिस्क ब्रेकचे पॅड किंचित घासल्याचा आवाज चालतो, पण धक्का दिल्यावर चाक दोन-तीन फेरे तरी मोकळे फिरले पाहिजे. मागचे चाक चेनमुळे थोडे लवकर थांबते, एवढी सूट त्याला द्यावी. चिखल सुकून कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन जाम होणे हा या गाड्यांचा नेहमीचा आजार आहे. ब्रेक न वापरता दोन-तीन किलोमीटर गाडी चालवून डिस्कजवळ तळहात न्यावा, डिस्कला हात लावू नये. धग जाणवली तर ब्रेक लागून राहतो आहे. पिन साफ करून ग्रीस लावणे घरी जमते. कॅलिपरचा पिस्टन अडकला असेल किंवा ब्रेक ऑइल पाझरत असेल, तर तिथे थांबावे आणि काम मेकॅनिककडे द्यावे. ब्रेकवर स्वतःचे शिक्षण करू नये.

चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे ठेवावा. सस्पेन्शनचा प्रवास लांब असल्याने तो साध्या रस्त्यावरच्या गाडीपेक्षा जास्त असतो. ३० ते ४० मिलिमीटर हे आकडे अनेक मॅन्युअलांत आढळतात. चेन फार ताणलेली असेल तर बसल्यावर ती आणखी ताणते आणि बेअरिंगवर भार येतो.

यानंतरच्या तपासणीला एक मिनिट लागते, तरीही ती कुणी करत नाही. मूठ पूर्ण फिरली म्हणजे कार्ब्युरेटरचा बटरफ्लाय (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडला असे होत नाही. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी मूठ शेवटपर्यंत फिरवायला सांगावी आणि आपण कार्ब्युरेटरच्या बाजूची केबलची चकती पाहावी. ती आपल्या थांब्याला टेकली पाहिजे. हँडल बदलले असेल, केबल दुसऱ्या वाटेने नेली असेल किंवा केबल जुनी होऊन ताणली असेल, तर चार-पाच मिलिमीटर अलीकडेच सगळे थांबते, आणि मालक महिनोन्महिने पाऊण मुठीवर गाडी चालवत राहतो.

हवा, ठिणगी आणि पेट्रोल

एअर फिल्टरचा डबा उघडावा. फोमचा फिल्टर बोटांमध्ये दाबून पाहावा: निरोगी फोम किंचित चिकट लागतो आणि सोडल्यावर पुन्हा फुगतो. बोटांवर कोरडा भुगा आला तर फोम झिजून इंजिनात जातो आहे, तो बदलावा. मातीचा थर असेल तर फोमला चालणाऱ्या द्रावणात धुवून पूर्ण सुकवावा आणि फिल्टरचेच तेल लावून जास्तीचे पिळून काढावे. इंजिन ऑइल थपथपून ओतलेला फिल्टर हवा अडवतो आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. कोरडा ठेवलेला फिल्टर धूळ आत सोडतो आणि सिलिंडर खातो. फिल्टर काढून टाकून गाडी पळवून पाहण्याचा मोह आवरावा. त्यात मिश्रणच बदलते, त्यामुळे त्या चाचणीतून काहीही सिद्ध होत नाही.

स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहावा. खाकी किंवा फिकट तपकिरी रंग ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा चोक पूर्ण बंद होत नाही. पांढुरका, भाजलेला रंग म्हणजे पेट्रोल कमी. ओला, तेलकट काळा रंग म्हणजे पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील संशयित. प्लग पुन्हा बसवताना आधी हातानेच आटे धरवावेत आणि मग पाना लावावा, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा खराब झाले की खर्च प्लगच्या कैक पटींनी वाढतो.

दहा-पंधरा मिनिटांनी धापा टाकणाऱ्या गाडीत पहिला संशय पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातल्या श्वासछिद्रावर घ्यावा. ते बुजले की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी दमल्यावर लगेच झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी पुन्हा नीट चालली, तर दोष सापडला. नाही तर इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नसताना, कार्ब्युरेटरच्या तळातल्या फ्लोट चेंबरच्या ड्रेन स्क्रूला नळी लावून बाटलीत पेट्रोल काढावे. धार सलग पडली पाहिजे. ती बारीक होत गेली तर टाकीखालच्या पेट्रोल कॉकची जाळी किंवा मधला फिल्टर तुंबलेला आहे. बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे. ज्या गाडीत कॉक इंजिनाच्या निर्वातावर उघडतो, तिथे ही चाचणी कॉक प्राइमवर, म्हणजे निर्वाताशिवाय पेट्रोल सोडणाऱ्या खुणेवर, ठेवून करावी.

क्लच

आवाज चढतो आणि वेग चढत नाही, हे क्लच घसरण्याचे उघड चिन्ह आहे. वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना मूठ एकदम पूर्ण उघडावी. इंजिनाचे फेरे उडी मारून वर गेले आणि गाडी तिथेच राहिली, तर क्लच घसरतो आहे. आधी क्लच लिव्हरच्या टोकाशी मोकळा प्ले किती आहे ते पाहावे. तो १० ते १५ मिलिमीटर असावा, अशी अनेक मॅन्युअलांची सूचना असते. माझ्या गाडीत तो शून्य होता: केबल हँडलपाशी वळवून बांधली गेली होती, क्लच कायम किंचित दाबलेला राहत होता, आणि मी तिकडे कार्ब्युरेटर उघडून बसलो होतो. प्ले बरोबर असेल तर ऑइल कोणते घातले आहे ते विचारावे. या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, आणि मोटारींसाठी बनवलेल्या, घर्षण कमी करणाऱ्या ऑइलमुळे तो घसरू शकतो. डब्यावर जासो एमए (अशा ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचे मानक) असे लिहिलेले ऑइल हवे. ऑइल बदलूनही घसरणे थांबले नाही तर प्लेट झिजल्या आहेत. केस उघडणे, गॅस्केट बदलणे आणि टॉर्क पान्याने ठराविक ताणाने बोल्ट बसवणे ज्यांनी पूर्वी केले नाही, त्यांनी हे काम मेकॅनिककडे द्यावे.

कार्ब्युरेटर

इंजेक्शनच्या गाडीला जेट नसतात. तिथे बॅटरीचे व्होल्टेज, चेतावणीचा दिवा आणि थ्रॉटल बॉडीची स्वच्छता एवढेच पाहून पुढचे काम निदानयंत्र असलेल्याकडे सोपवावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र घरी पुष्कळ काही कळते, फक्त ते उघडण्याआधी दोष मुठीच्या कोणत्या भागात आहे हे शोधावे लागते.

यासाठी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लागतो, बाकी काही नाही. मुठीच्या कडेला पट्टी चिकटवून तिच्यावर बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा पाच रेघा पेनाने काढाव्यात, आणि शेजारच्या स्विचच्या खोक्यावर एकच खूण करावी. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर चालवताना गाडी जिथे दबते तिथे कोणती रेघ खुणेसमोर आहे, ते ओझरत्या नजरेने पाहावे. बंद ते पावपर्यंत मुख्यतः पायलट जेट आणि पायलट स्क्रूचे राज्य असते, पाव ते पाऊण या पट्ट्यात नीडलचे (पेट्रोलच्या वाटेत वर-खाली होणाऱ्या सुईचे), आणि त्यापुढे मेन जेटचे. या सीमा काटेकोर नसतात, एकमेकींत मिसळतात. तरीही अर्ध्या मुठीवरचा दोष मेन जेट बदलून जाणार नाही, एवढे ही पट्टी ठामपणे सांगते. मेन जेट बदलण्याची शिफारस सगळीकडे ऐकू येते, आणि या गाड्या रोजच्या चालवण्यात त्या भागापर्यंत फारशा पोचतच नाहीत.

जेटला हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधला रबरी बूट. त्याला तडा गेला असेल तर मोजमापाबाहेरची हवा आत शिरते. तरंगणारे आयडलिंग आणि फटफट हे त्याचे नेहमीचे लक्षण. आयडलिंगला चालू इंजिनाच्या त्या सांध्यावर बाटलीने साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. फेऱ्यांमध्ये फरक पडला तर गळती तिथेच आहे. ज्वालाग्राही फवारा लोक वापरतात, पण तापलेल्या इंजिनाजवळ तो वापरू नये. सायलेन्सरचा सांधा सैल असेल तरीही फटफट येते, म्हणून तोही पाहून घ्यावा.

दुसरी गोष्ट डायफ्रॅम. या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये केबल फक्त बटरफ्लाय उघडते. नीडल धरणारा पिस्टन निर्वाताच्या जोरावर वर जातो, आणि तो निर्वात एक पातळ रबरी पडदा धरून ठेवतो. पडद्याला छिद्र पडले की पिस्टन अर्ध्यावरच राहतो आणि मूठ कितीही फिरवली तरी गाडीचा वेग वाढत नाही. वरचे झाकण काढून पडदा अलगद बाहेर घ्यावा, दिव्यासमोर धरून घडीची वळणे बोटांनी हलकेच उलगडत पाहावे. छिद्र बहुधा त्या वळणातच असते, टाचणीच्या टोकाएवढे, आणि ताणल्याशिवाय दिसत नाही. पडदा परत बसवताना त्याची कड खाचेत पूर्ण बसली आहे याची खात्री करावी. चिकटद्रव्याने केलेली दुरुस्ती पेट्रोलच्या वाफेत टिकत नाही.

हे सगळे ठीक असूनही मूठ थोडीशीच उघडलेली असताना गाडी दबत असेल, तर पायलट सर्किटकडे वळावे. प्रदूषणाच्या मर्यादेत राहण्यासाठी कारखाना हे मिश्रण पेट्रोलकडून कंजूष ठेवतो आणि स्क्रू अनेकदा पितळी टोपीने झाकतो. बऱ्याच देशांत ही टोपी काढणे नियमाविरुद्ध असते, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी पाहून घ्यावा. स्क्रू हलवण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवून किती फेरे लागले ते लिहून ठेवावे, आणि मग पाव-पाव फेऱ्याने पुढे जावे. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो बाहेर काढल्याने पेट्रोल वाढते. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू असतो आणि बाहेर काढल्याने पेट्रोल कमी होते. या एका गोष्टीचा उलटा अर्थ घेऊन अनेकांनी बरी गाडी बिघडवलेली मी पाहिली आहे. जेटची छिद्रे तारेने खरवडू नयेत, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र कायमचे मोठे होते.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन

गरम असताना सुरू होण्यास कुरकुरणारी गाडी बहुधा टॅपेटकडे (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाकडे) बोट दाखवते. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू रुतत जातो आणि टॅपेटची फट कमी होते. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळते आणि व्हॉल्व्हची कड जळते. टकटक करणारा टॅपेट त्रास देतो, पण गप्प झालेला टॅपेट जास्त वाईट. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत सर्वांत वर आणून, फीलर गेजने फट मोजावी आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहावी. स्क्रू आणि नटाची रचना असेल तर जपून काम करणारा माणूस हे घरी करू शकतो. शिमची (फट ठरवणाऱ्या चकतीची) रचना असेल आणि कॅमशाफ्ट उचलावा लागत असेल, तर पहिल्या वेळी तरी हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. टायमिंग चेन एक दाता सरकली तरी गाडी ओढत नाही, आणि जास्त सरकली तर व्हॉल्व्ह वाकू शकतो.

कॉम्प्रेशन मोजताना मूठ पूर्ण उघडी ठेवावी, अन्यथा आकडा खोटा येतो. अनेक लहान इंजिनांत सुरू करताना दाब आपोआप कमी करणारी यंत्रणा असते, त्यामुळे मॅन्युअलमधल्या आकड्याशिवाय या मोजमापाला अर्थ नाही. आकडा कमी आला तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंग किंवा सिलिंडर, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. घरची तपासणी इथे संपते. निळसर धूर, बाहेर काढलेल्या ऑइलमध्ये धातूचे चकाकणारे कण, किंवा खालून येणारा घणासारखा ठोका यांपैकी काहीही आढळले, तर गाडी सुरूदेखील करू नये. ती ढकलत किंवा टेम्पोत घालून न्यावी, आणि मेकॅनिकला नुसते पिकअप नाही असे न सांगता कोणत्या रेघेवर काय होते, काय तपासले आणि काय बदलले, ते लिहून द्यावे.

दोष नाही, तरीही हवे आहे

सगळे जागेवर असूनही गाडी चढावर गिअर टिकवत नसेल, तर सर्वांत समाधान देणारा बदल पुढच्या स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) आहे. पुढे १३ आणि मागे ४५ दाते असतील तर गुणोत्तर ३.४६ येते, पुढे १२ केले तर ३.७५, म्हणजे चाकावरचा ओढ सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. इंजिनाची शक्ती तेवढीच राहते, फक्त ती कुठे वापरायची ते बदलते: त्याच वेगाला फेरे ८ टक्के जास्त, म्हणून लांबच्या सपाट रस्त्यावर गाडी जास्त ओरडेल. मागचे स्प्रॉकेट तीन-चार दात्यांनी मोठे केले तर जवळपास तेच साधते, पण त्याला खर्च जास्त आणि बहुधा चेनही लांब लागते. पुढचे स्प्रॉकेट फार लहान करू नये, कारण चेन तीव्र वळते आणि मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरची रबरी पट्टी लवकर कापली जाते. वेगमापक गिअरबॉक्सवरून चालत असेल तर या बदलानंतर तो खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवेल. पुढच्या चाकावरून चालत असेल तर काही फरक पडणार नाही.

सायलेन्सरबद्दल एवढेच सांगतो. ठिणगी अडवणारी जाळी असेल तर ती काढून काजळी झटकावी आणि परत बसवावी. तुंबलेली जाळी खरोखर शक्ती खाते. मोकळा सायलेन्सर लावून बाकी सर्व मूळचेच ठेवले, तर आधीच कंजूष असलेले मिश्रण आणखी कंजूष होते आणि खालच्या फेऱ्यांतला ओढ अनेकदा कमीच होतो. तरीही लावायचाच असेल तर मेन जेट एका वेळी एकाच पायरीने वाढवावा, प्रत्येक वेळी त्याच चढावर मोजमाप करावे, आणि काढलेले मूळ जेट त्यांचे आकडे लिहिलेल्या डबीत जपून ठेवावेत.